जीवनभाऊंची अठ्ठाविसावी गोष्ट

सिहोऱ्याच्या जीवन शहारे यांनी तीस वर्षांत सत्तावीस विज्ञानकथा लिहिल्या, आणि गावात ही गोष्ट जेमतेम चार माणसांना ठाऊक होती. बायको भावना, मुलगी प्रतिक्षा, मित्र वासुदेवराव भुरे आणि दरवर्षी दिवाळीआधी नागपूरहून आलेलं अंकाचं पाकीट आणून देणारा पोस्टमन. बाकी गावासाठी ते टेलिफोनवाले शहारे. कुणाचा फोन मुका झाला की खांद्यावर शिडी टाकून येणारा, खांबावर चढून वरूनच "बोला, येते का आवाज?" असं ओरडणारा माणूस. पुढे फोन लोकांच्या खिशात गेले, खांबावरच्या तारा कुणी कापून नेल्या, एक्स्चेंजच्या खोलीला कुलूप लागलं, आणि २०२० साली जीवनभाऊ मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसले.

विज्ञानकथेचं वेड त्यांना कसं लागलं, हे विचारलं तर ते आपल्या वडिलांचं नाव सांगत. वडील सतरा वर्षांचे असताना, छप्पन्न साली, गावातल्या दहाबारा जणांबरोबर नागपूरला दीक्षेला गेले होते. येताना नवा धर्म घेऊन आले आणि एक सवयही. घरात कुणी जुन्या काळाचं काही सांगायला लागलं की ते हात वर करून म्हणायचे, "मागं पाहाले आपल्यापाशी काय हाय? पुढं पाह्य." जीवननं ते अक्षरशः मनावर घेतलं. इतरांच्या घरात आजेपणजे, वतनं, पराक्रम अशा गोष्टी होत्या. त्याच्या वाट्याला भविष्यकाळ आला, आणि तो त्यानं वडिलोपार्जित जमिनीसारखा कसायला घेतला.

पण भविष्यकाळाची जमीन भारी लहरी. सत्त्याण्णव साली त्यांनी एक कथा लिहिली. तीत प्रत्येक माणसाच्या खिशात तार नसलेला फोन असतो, शेतकरी बांधावरून बायकोला फोन करतो. दहाअकरा वर्षांनी एका सकाळी वासुदेवरावांनी आपल्या बांधीतून, म्हणजे धानाच्या खाचरातून, त्यांना फोन लावला आणि विचारलं, "जीवन, घरी युरिया हाय का?" जीवनभाऊंनी "हाय" म्हणून फोन ठेवला. खरी ठरली म्हणून आनंद मानावा, की एक कथा शिळी झाली म्हणून वाईट वाटून घ्यावं, ते त्यांना कळेना. पुढं तर हे वारंवार होऊ लागलं. लिहायला घ्यावं, आणि अंक हातात पडेपर्यंत ते यंत्र तुमसरच्या दुकानात मांडलेलं असावं.

तरी लिहिणं सुटलं नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी सत्ताविसावी कथा पुरी केली आणि अंकाऐवजी एका स्पर्धेला पाठवली. पुण्याच्या एका साहित्य मंडळानं मराठी विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. कथा अशी: २०९० सालातलं एक महानगर, पाणी फार थोडं. डॉ. निशिकांत प्रधान नावाचा शास्त्रज्ञ पाणी वाटणारं एक यंत्र बनवतो. यंत्राचा हिशेब इतका चोख, की शहरातली भांडणंच संपतात. फक्त एक म्हातारे प्राध्यापक रोज यंत्रासमोर येऊन वाद घालतात, कारण पाण्यावरच्या भांडणापायीच त्यांना चार माणसं भेटत होती.

जुलैत, गावात रोवणी, म्हणजे भातलावणी, ऐन भरात असताना, उत्तर आलं. अंगणवाडीतून घरी आलेल्या भावनाबाईंनी पाहिलं तर नवरा ओसरीवर मोबाईल हातात धरून नुसता बसलेला.

"काय झालं वो? तब्येत बरी हाय ना?"

त्यांनी मोबाईल पुढं केला. मेल दोन ओळींचा होता. "आपली कथा आमच्या तपासणीत ब्याण्णव टक्के यंत्रलिखित आढळून आली आहे. सबब ती स्पर्धेतून वगळण्यात येत आहे."

भावनाबाईंना पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग लागला तेव्हा त्या भडकल्या. "यंत्रानं लिवली? अन् मले जे तीन महिने रोज सकाळी चाय थंडी करून परत गरम कराले लावली, ते कोनं? यंत्रानं?" त्या आतून तीन वह्या घेऊन आल्या. खोडाखोड केलेल्या, समासात बाण काढलेल्या. "ह्या पाठवा त्याइले. तोंडावर मारा."

जीवनभाऊंनी वह्या पाठवल्या नाहीत. त्यांनी नागपूरला फोन लावला, गोपीचंद नंदेश्वरांना. हे त्या दिवाळी अंकाचे संपादक, वय पंच्याहत्तरच्या पुढं, मूळचे लाखांदूरकडच्या दिघोरीचे. जीवनभाऊंच्या पहिल्या सव्वीस कथा त्यांनीच छापलेल्या.

सगळं ऐकून गोपीचंद म्हणाले, "तुझ्यावर असा आळ यावा हे वाईट आहे. पण माझ्याकडचं ऐक. यंदा विज्ञानकथा आल्या एकशे चाळीस. एरवी येतात बारा-पंधरा. सगळ्या शुद्ध, सगळ्या नीट. आणि वाचून खाली ठेवली की कुणाचीच आठवत नाही. खऱ्या कोणत्या, मशीनच्या कोणत्या, मला सांगता येईना. म्हणून ठरवलं, हा शेवटचा अंक."

"पण दादा, माझी कथा तुम्ही ओळखली असती ना? तीस वर्षं वाचता तुम्ही मला."

मग गोपीचंद म्हणाले, "तू लिहिलीस हे मी शपथेवर सांगेन. पण नाव झाकून माझ्यासमोर ठेवली असतीस तर, जीवन, नसती ओळखता आली."

मेलपेक्षा हे वाक्य खोल गेलं.

त्या रविवारी प्रतिक्षा नागपूरहून आली. ती तिकडं एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. येतानाच तिनं मंडळाला कडक मेल पाठवायची तयारी केली होती. असल्या तपासण्या किती चुकतात, याचे पुरावेही गोळा केले होते. पण वडिलांनी भलतंच मागितलं. "आधी मले ते मशीन दाखव. कथा लिहिते ते."

तिनं लॅपटॉप उघडला. "काय लिहायला सांगू?"

"पाण्याच्या वाटपावर विज्ञानकथा. मराठीत."

चहाचा कप अर्धा होईपर्यंत कथा तयार. प्रतिक्षा मोठ्यानं वाचू लागली. इसवी सन २०८७. महानगराच्या क्षितिजावर सूर्य अस्ताला जात होता. काचेच्या भिंतीपलीकडे पाहत डॉ. अनिरुद्ध स्तब्ध उभा होता. त्याच्या कपाळावर घर्मबिंदू जमा झाले...

भावनाबाई फिस्सकन हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "अवो, हे तं तुमचंच हाय."

"त्यानं बाबांचं चोरलं नाही, आई," प्रतिक्षा म्हणाली. "त्यानं सगळ्यांचंच वाचलंय, आणि त्याची सरासरी काढून देतं."

"मग मी काय येगळं केलं?" जीवनभाऊ म्हणाले. "मीबी सगळ्याइचं वाचूनच शिकलो."

त्यांनी पेटी उघडली. सगळे अंक पलंगावर मांडले. तिघांनी मिळून दुपारभर आपल्याच घरातल्या माणसाच्या कथा अशा वाचल्या, जशा कुणी परक्यानं वाचाव्या. 'घर्मबिंदू' अकरा कथांत सापडले. नायक निशिकांत, अनिरुद्ध, श्रीरंग. पुण्याचे नाहीतर मुंबईचे. सगळे डॉक्टर, सगळ्यांना चष्मा. सत्तावीस कथांत एकही माणूस पोटभर जेवला नव्हता. एक कथा मंगळावर घडली होती, दोन चंद्रावर, आणि भंडारा जिल्ह्यात एकही नाही. भविष्यकाळात एकाचंही आडनाव शहारे नव्हतं.

"असं काहून केलं असन मी?" त्यांनी विचारलं. प्रश्न स्वतःलाच होता.

उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पंच्याण्णव साली लिहिलेली सगळ्यात पहिली कथा त्यांनी आपण बोलतो तशी लिहिली होती. ती छापण्याआधी दुरुस्तीसाठी परत आली. झाडीपट्टीतल्या, म्हणजे भंडाऱ्याकडच्या, बोलण्यात डोळ्याचा डोरा होतो, पाण्याचं पानी होतं. त्या प्रत्येक जागी लाल शाई होती. 'काहून' खोडून 'का', 'मले' खोडून 'मला'. खाली गोपीचंदांचं वळणदार अक्षर: "कल्पना उत्तम. परंतु ही भाषा विज्ञानकथेस शोभत नाही. आपल्याला हसतात, जीवन. त्यांना हसायला जागा ठेवू नकोस." ते दुष्टपणानं लिहिलेलं नव्हतं. दिघोरीहून नागपूरच्या कॉलेजात गेलेल्या गोपीचंदांना पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायची चोरी झाली होती. जे औषध त्यांना लागू पडलं, तेच त्यांनी जीवनला दिलं. आणि जीवननं ते इतकं मनापासून घेतलं की पुढच्या कथांत लाल शाईला कामच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, गेले. वासुदेवराव तिथं आधीच बसलेले असत. तलावाच्या तोंडाशीच, जिथं पाणी सोडायचं तुडुम आहे, त्याला लागून त्यांच्या चार एकर बांध्या. गावच्या पाणीवाटप सोसायटीचे ते अध्यक्ष. शिक्षण सातवी, पण जीवनभाऊंची प्रत्येक कथा लिहून व्हायच्या आधी त्यांनी याच पारीवर ऐकलेली.

सगळा प्रकार ऐकून ते म्हणाले, "एक बोलू का? राग नको मानू."

"बोला ना, वासुदेवभाऊ."

"तू मले सांगतेस ते येगळं रायते, अन् छापून येते ते येगळं. ही पान्याचीच घे. तू मले सांगतली तवा त्यात आपला तलाव होता. तुडुमावर मशीन बसवलं होतं. अन् एक बुढी होती, ते रोज येऊन मशीनले शिव्या देत होती. मी हासून हासून मेलो होतो, आठवते? कागदावर गेली अन् त्या बुढीचा परफेसर कसा झाला रे बाप्पा?"

जीवनभाऊंना हसू आलं. समोर बायका वाकून रोवणी करत होत्या, चिखलातून त्यांच्या गाण्याचे तुकडे वर येत होते. ते उठले आणि घरी जाऊन नवी वही काढली.

अठ्ठाविसावी कथा म्हणजे सत्ताविसावीच, पण उलट्या वाटेनं गावात परत आणलेली. साल २०८०. तलाव तोच. तुडुमावर यंत्र. आणि सायत्राबाई शहारे नावाची म्हातारी. आडनाव लिहिताना पेन क्षणभर थांबलं. २०८० सालापर्यंत आपलं नाव पोचवायला तीस वर्षं लागली, असं त्यांच्या मनात आलं.

लिहिणं मात्र सोपं गेलं नाही. बोलताना जी भाषा आपोआप येते, ती कागदावर बिचकत होती. हात सवयीनं 'परंतु' लिहायचा, मग खोडून 'पन'. यंत्र आतल्या आत जे ठरवतं, त्याला काय म्हणायचं यावर दोन दिवस गेले.

भावनाबाई तांदूळ निवडत होत्या. मोहल्ल्यातल्या एका म्हातारीचं नाव घेऊन त्या म्हणाल्या, "देवकामावशी काय म्हनन, ते लिवा."

"मावशी म्हनन, 'त्याच्या मनात आलं.'"

"मग त्याच्या मनात आलं. झालं."

पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी सोसायटीची सभा होती. तलावाच्या तुडुमावर आपोआप उघडमीट करणारं दार बसवायचं का, हा विषय. एक तरुण इंजिनियर महिन्याभरापूर्वी येऊन समजावून गेला होता, की कुणाच्या बांधीत पाणी किती, ते यंत्रच ओळखेल आणि त्या हिशेबानं सोडेल. लोक गोंधळले होते. वासुदेवरावांनी जीवनभाऊंना न विचारताच जाहीर करून टाकलं, "मशीनचा विषय निंघाच्या पयले जीवन शहारे एक गोष्ट वाचून दाखवतीन. याच्यावरचीच हाय."

चाळीसेक माणसं होती. अर्ध्या बायका. जीवनभाऊंनी खांबावरून तीस वर्षं ओरडून बोलायचं काम केलं होतं, पण वही उघडल्यावर पहिलं वाक्य त्यांनी तोंडातल्या तोंडात वाचलं. पहिली दोन वाक्यं झाली तशी मागं खसखस पिकली. कागदावरून आपलीच बोली ऐकायची कुणाला सवय नव्हती. मग हळूहळू खसखस थांबली. सायत्राबाई मशीनसमोर काठी आपटून "तुले माय नाही का बाप नाही, तुले कोनं पाजलं पानी?" म्हणते, तिथं सभा खदखदून हसली. आणि शेवटी, भांडायला कुणी उरलं नाही म्हणून ती रिकाम्या पारीवर एकटीच बसून राहते, तिथं मागचे लोकही पुढं सरकले. वासुदेवरावांनी टोपी काढून डोकं पुसलं.

टाळ्या वाजल्या. जीवनभाऊ वही मिटणार तोच मागून आवाज आला.

"जीवन, तुया त्या बुढीची बांधी कोठं हाय?"

देवकाबाई होत्या. सत्तरीच्या, जीवनभाऊंच्याच मोहल्ल्यातल्या, नवरा जाऊन वीस वर्षं झालेल्या. एक एकर धान त्या स्वतः उभ्या राहून पिकवत.

"कोठं म्हंजे, मावशी?"

"तोंडापाशी का शेपटीले?"

त्यांनी विचारच केला नव्हता. "असन तुडुमाजवळच."

"म्हनूनच," देवकाबाई म्हणाल्या. "म्हनूनच तिले भांडन गोड लागते. भांडन गोड लागाले पयले पानी याव लागते, बाबू. माही बांधी शेपटीले. साऱ्याइचं झाल्यावर माहा नंबर. मी तुडुमावर भांडाले नाही जात, हात जोडाले जातो. त्या मशीनले तोंड पाहता येत नाही म्हनतेत ना? मंग मी तं म्हनतो, उद्याच बसवा."

कुणीतरी म्हणालं, "गोष्ट हाय ना ते, मावशी."

"गोष्ट हाय म्हनूनच बोलून राहिलो. खरी असती तं मले बोलू देल्लं असतं का?"

सभा हलली. पुढं बसलेले दोघं एकदम बोलू लागले. एकाचं म्हणणं, मशीन आलं की गावाची सत्ता गेली. दुसऱ्याचं, गावाची सत्ता म्हणजे कुणाची ते बोल. देवकाबाई बसल्या नव्हत्या. "आमच्या मोहल्ल्याच्या बांध्या साऱ्याच्या साऱ्या शेपटीले कशा आल्या, हे कोनाले मालूम नाही?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. वासुदेवराव समोरच्या सतरंजीकडं पाहत राहिले.

मग त्या पुन्हा जीवनभाऊंकडं वळल्या. "अन् एक सांग. त्या मशीनले शिकवते कोन?"

"मानूसच शिकवते, मावशी. गावात आतापर्यंत पानी कसं वाटलं, ते पाहून ते शिकते."

"आतापर्यंत वाटलं तसं?" देवकाबाईंनी विचारलं. "मंग झालं. मंग तं तेबी मले शेपटीलेच ठेवन. अन् आता हात कोनाले जोडू?"

जीवनभाऊंनी तीस वर्षांत यंत्रांबद्दल वाचलेल्या सगळ्या लेखांत हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत कुठं वाचला नव्हता.

मोटारपंप दुरुस्त करणारा संघपाल दाराशी उभा होता. तो म्हणाला, "काका, अन् बिघडलं तं? तुमच्या गोष्टीत मशीन बिघडतच नाही. ते तं होतच नाही ना."

जीवनभाऊंना खरोखर लाज वाटली. सगळं आयुष्य बिघडलेलं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस, आणि त्याच्या एकाही कथेत पाना-पक्कड हातात घेतलेला कुणी नव्हता.

दोन तास वाद चालला. दाराचा विषय शेवटी पुढच्या सभेवर ढकलला गेला, पण ठरावात एक ओळ वाढली: यंत्राला काय शिकवायचं ते सोसायटी आधी ठरवील, आणि ठरवताना शेपटीकडचे दोन जण त्यात असतील. त्यातलं एक नाव देवकाबाईंचं.

घरी जाताना वासुदेवराव आणि जीवनभाऊ बरोबर होते.

"माहा बापबी तुडुमापाशीच होता. त्याचा बापबी," वासुदेवराव म्हणाले. "मी भांडलो तेवढं कोनी भांडलं नसन. अन् मले वाटे, माहा सभावच तसा हाय." थोडं पुढं जाऊन म्हणाले, "खोटं नाही बोलली ते बाई."

सप्टेंबरअखेर धान पोटरीत, म्हणजे लोंबी फुटायच्या बेताला, आलं, पाण्याची शेवटची पाळी लागली. त्या पाळीत वासुदेवरावांनी कुणाला न सांगता आपल्या बांध्यांची तोंडं तीन दिवस मातीनं बुजवून ठेवली. त्यांच्या मुलाला ते पटलं नाही, घरात कुरकूर झाली. देवकाबाईंच्या बांधीत पाणी तीन दिवस आधी पोचलं. त्यांनी आभार मानले नाहीत. "जीवन, यंदा लवकर आलं बाप्पा," एवढंच त्या म्हणाल्या.

तोवर जीवनभाऊंनी कथेचा शेवट तीनदा बदलला होता. आता सायत्राबाईची बांधी शेपटीला होती. यंत्र बसल्यावर पहिल्या वर्षी न मागता पाणी येतं, आणि जोडायला शिकलेल्या हातांचं काय करावं तिला कळत नाही. दुसऱ्या वर्षी यंत्र गावाचा जुना हिशेब शिकतं आणि पाणी पुन्हा अडतं. मग म्हातारी काठी घेऊन त्याला शिकवायला निघते. ती काय शिकवते, ते जीवनभाऊंनी लिहिलं नाही, कारण त्यांना ते अजून ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसताना लिहायचं नाही, एवढं या पावसाळ्यात ते शिकले होते.

कथा गोपीचंदांना पाठवली. आठवड्यानं फोन आला.

"वाचली," गोपीचंद म्हणाले. "एक दुरुस्ती आहे."

जीवनभाऊंनी पेन घेतलं. तीस वर्षांची सवय. "सांगा, दादा."

"सातव्या पानावर 'वाट पाहत होती' आलंय. 'वाट पाहून राहिली होती' कर. तिथं तू घाबरलास." मग लहानपणच्या दिघोरीच्या बोलीत, जी जीवनभाऊंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकलीच नव्हती, ते म्हणाले, "तवा मी चुकलो गा. तुलेबी चुकवलं."

"तुम्ही छापलं नसतं तं मी लिहिलंच नसतं, दादा."

"ते हाय म्हना," गोपीचंद म्हणाले.

शेवटचा अंक निघाला. जाडी नेहमीच्या निम्मी. पुण्याच्या मंडळाचंही पुन्हा पत्र आलं. प्रतिक्षानं तो मेल पाठवलाच होता. हस्तलिखित दाखवल्यास कथेचा फेरविचार करू, असं त्यांनी कळवलं. जीवनभाऊंनी उत्तर लिहिलं: "आपल्या तपासणीची फार मोठी चूक झाली नव्हती. ती कथा वगळलेलीच राहू द्यावी." प्रतिक्षा चिडली. पण त्या ओळीत कडवटपणा नव्हता, हे तिला दोन दिवसांनी कळलं.

विज्ञानकथेचं पुढं काय होणार, याची काळजी गोपीचंदांना अजून वाटते. अंक नाही, वाचक विखुरलेले, आणि एका कपभर चहात कथा पाडणारं यंत्र घरोघरी. फोनवर ते तासतास बोलतात. जीवनभाऊंनाही काळजी वाटते, पण ती वेगळी. यंत्र लिहील, खूप लिहील, चांगलंही लिहील. पण ते वाचून सभेत उठून "त्या बुढीची बांधी कोठं हाय" असं विचारणारं माणूस त्या कथेला मिळालं नाही तर ती, माणसानं लिहिली काय आणि यंत्रानं लिहिली काय, सारखीच.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सोसायटीच्या खोलीत आता दहाबारा जण जमतात. नर्सिंग शिकणाऱ्या रुचितानं एक गोष्ट आणली होती, दवाखाना चालत घरी येतो अशी. देवकाबाईंनी तीत दोन चुका काढल्या. रुचिता आधी फुगली, मग पुढच्या रविवारी ती नव्यानं लिहून आणली.

जीवनभाऊंची एकोणतिसावी कथा दुरुस्तीवाल्याची आहे. कुठं छापायची, ठाऊक नाही. संघपाल येताजाता त्यांना गाठतो आणि बजावतो, "काका, बाकी काही करा, पन माह्या हिरोले चष्मा नका लावू. अन् दुपारी त्याले नीट जेवू द्या."

जीवनभाऊ त्या पानावर अडले आहेत. शंभर वर्षांनी सिहोऱ्यात दुपारी माणसं काय जेवतील, हे त्यांनी भावनाबाईंना विचारलं, वासुदेवरावांना विचारलं, देवकाबाईंना विचारलं. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली, आणि तिघांचाही आवाज चढला.